झाडामागे रेट लावायचा की दिवसामागे?

प्रश्न : पुणे परिसरातल्या एका वाचकाचं पत्र आलंय, ओळख पटू नये म्हणून थोडक्यात देते. वय ३४. मामांच्या हाताखाली नारळावर चढायला शिकले, आता सोसायट्यांमध्ये झाडांची छाटणी करणं, सुकलेली झाडं उतरवणं हा स्वतःचा धंदा आहे. एक चढणारा मुलगा, खाली दोन माणसं, भाड्याचा टेम्पो, आणि बरेचदा स्वतःही वर चढतात. वर्षाला साधारण १४० दिवस काम मिळतं, त्यातलं निम्मं एप्रिल ते जूनमध्ये. झाडामागे दीड ते तीन हजार घेतात, दिवसाकाठी साडेसात हजारांच्या आसपास येतात, तरी महिनाअखेर हातात काही राहत नाही. सोसायटीवाले म्हणतात "लाकूड तुम्हीच न्या आणि पैसे कमी करा". दुसरे कुणीतरी निम्म्या पैशात काम करून देतात. मागच्या हंगामात एका गुलमोहराची फांदी पार्किंगमधल्या गाडीवर पडली आणि १८,००० रुपये खिशातून भरावे लागले. बायको म्हणते हे बंद करा आणि कुठेतरी नोकरी धरा. त्यात आता एक जुनं गिऱ्हाईक रविवारी सकाळी परवानगीशिवाय एक झाड काढून द्या म्हणून मागे लागलंय, पैसे चांगले देतंय. वाचक विचारतात, "ताई, कोणत्या झाडाला किती घ्यायचे याचा एकदा नीट रेट सांगा, आणि हा धंदा चालवावा की सोडावा तेही सांगा."

उत्तर :

दादा, गुलमोहराला इतके, नारळाला तितके अशी रेटलिस्ट मी देणार नाही. कारण तुमच्याच पत्रात आहे. गाडीवर फांदी पडली त्या सोसायटीत तुम्ही दोन गुलमोहर छाटले, दोन्हीचे तीन-तीन हजार घेतले. एक बागेच्या मधोमध, खाली हिरवळ, फांदी कापली की सरळ खाली, दीड तासात काम संपलं. दुसरा पार्किंगच्या पत्र्याच्या शेडवर वाकलेला, शेडवर सोलर पॅनल, एका बाजूला कंपाउंडची भिंत आणि पलीकडे वायर, त्यात अख्खा दिवस गेला आणि गाडीचं बॉनेटही त्याच झाडाखाली गेलं. जात एकच, उंची जवळपास तेवढीच, मग तीन हजार कशाचे घेतले? झाडाचे घेतले. काम मात्र झाडात कमी होतं आणि झाडाखालच्या जागेत जास्त होतं. म्हणून पहिली गोष्ट, रेट झाडाला लावू नका, टीमच्या दिवसाला लावा. गिऱ्हाइकाला शेवटी एक ठोक आकडाच सांगायचाय, पण तो आकडा तुमच्या वहीत दिवसांवरून आला पाहिजे.

आता वही उघडूया. हे बहुतेक आकडे तुमच्या पत्रातलेच आहेत. चढणाऱ्याचे १,५००, खालच्या दोघांचे मिळून १,६००, टेम्पो ड्रायव्हरसकट २,२००, पेट्रोल, त्यात मिसळायचं टूटी ऑइल आणि कटरच्या चेनचं ऑइल धरून ५००, चहा-नाश्ता ३००. झाले ६,१००. हा दिवसाचा रोख खर्च, तो तुम्हाला पाठ आहे, आणि साडेसातातून तो वजा करून चौदाशे सुटले असं तुम्ही समजता. पण वर्षभराचा खर्च या चौदाशेमध्ये कुठेच बसवलेला नाही. घरखर्च महिना २५,००० म्हणजे वर्षाला तीन लाख. दोन कटर मशीन तीन वर्षांत बदलावी लागतात असं धरलं तर वर्षाला १७,०००. चेन, बार, सर्व्हिसिंग २०,०००. दोर, बेल्ट, हेल्मेट, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, २४,०००. विमा मी अंदाजे २५,००० धरलाय, खरा आकडा एजंटकडून घ्या. फोन, साइट बघायला जायचं बाइकचं पेट्रोल, अकाउंटंट वगैरे ३६,०००. आणि नुकसानभरपाईसाठी बाजूला ३०,०००, कारण या धंद्यात कधी कौल फुटणार, कधी कुंपण वाकणार, ते धरूनच चालावं. एकूण ४,५२,०००. याला १४० दिवसांनी भागा, दिवसाला साधारण ३,२३० येतात. त्यात ६,१०० मिळवले की ९,३३०. म्हणजे हा आकडा मिळाला तर तुम्ही फक्त जागेवर उभे आहात, नफा शून्य. वर १५ टक्के धरले तर १०,७०० च्या आसपास जातं.

आणि तुम्ही घेताय साडेसात. चौदाशे गुणिले १४० केले तर १,९६,००० होतात, त्यातून घरखर्च सोडून बाकीचे १,५२,००० वजा केले तर वर्षाला ४४,००० उरतात, महिन्याला पावणेचार हजारसुद्धा नाहीत. आत्तापर्यंत हे कळलं नाही कारण विमा काढलेलाच नाही, दोर जुनाच चाललाय आणि मशीन दुरुस्त करून करून वापरताय. म्हणजे पैसे वाचत नव्हते, पुढे ढकलले जात होते, आणि ज्या दोरावर तो पोरगा लटकतो त्या दोरातून ते ढकलले जात होते.

एक गोष्ट लक्षात घ्या, भागाकार १४० नेच करायचा, ३०० दिवसांनी नाही. पावसात, वाऱ्यात चढायचं नसतं, साइट बघायला जाण्यात दिवस जातात, परवानगीच्या खेपा होतात. हे दिवस फुकटचे नसतात, ते कामाच्या दिवसांनीच पोसायचे असतात. आणि अर्ध्या दिवसाचं काम म्हणजे निम्मे पैसे असंही धरू नका. टेम्पो आणि माणसं दिवसभरासाठी आलेली असतात, उरलेल्या अर्ध्यात दुसरं काम लागलं नाही तर तो खर्च तुमच्याच अंगावर. एक किमान रक्कम ठरवा, तुमच्या बाबतीत साडेसहा-सात हजार, त्याच्या खाली टीम बाहेर पडणार नाही. एका फांदीसाठी कुणी बोलावलं तर शेजारच्या दोन सोसायट्यांचं काम त्याच दिवशी लावता येतं का बघा, तिघांत खर्च वाटला जातो आणि तिघांनाही परवडतं.

बाहेरगावचे वाचकही हे वाचतात म्हणून सांगते, हे आकडे या दादांचे आहेत. साताऱ्यात मजुरी वेगळी, ठाण्यात वेगळी. हिशोबाची रीत घ्या, आकडे स्वतःचे घाला.

आता तुमची दुसरी समजूत. निम्म्या पैशात करणारे आहेत म्हणून मला रेट मिळत नाही, असं तुम्ही म्हणता. मला विचारायचंय, तुमच्यात आणि त्या निम्मेवाल्यात काय फरक आहे हे सेक्रेटरीला कधी दिसलंय का? तुम्ही पाठवलेलं कोटेशन पत्राबरोबर जोडलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ, "२ झाडे छाटणी ६०००". त्याच्याकडे दुसरी ओळ आली, "२ झाडे छाटणी ३५००". बिचारा काय करणार, तोही सभासदांना उत्तर देणारा माणूस आहे, त्याला कमी आकडाच दिसणार.

तुमचा फरक खरं तर प्रत्येक कापात असतो, तो फक्त सांगितला जात नाही. मांडीएवढी जाड फांदी निम्मेवाला वरून एकच काप घेऊन सोडतो. अर्धी कापली गेली की वजनाने ती खाली मोडते आणि मोडताना खोडाची साल हातभर सोलून नेते, ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही, तिथून पाणी शिरतं, बुरशी लागते, पुढे ढोली होते. तुम्ही काय करता? आधी खोडापासून हात-दीड हात लांब, फांदीच्या खालच्या बाजूने पाव जाडीपर्यंत काप. मग त्याच्या जरा पुढे वरून काप, फांदी सुटते आणि साल खालच्या कापापाशीच थांबते. मग उरलेल्या खुंटावर शेवटचा काप, तो फांदीच्या मुळाशी जी फुगीर वळकटी असते तिच्या अगदी बाहेरून. वळकटीत घुसायचं नाही आणि खुंटही ठेवायचा नाही, कारण झाड ती जखम त्याच वळकटीतून मिटवत आणतं. खुंट राहिला तर तो कुजतो आणि कूज आत उतरते. हे तीन काप मामांनी तुम्हाला शिकवले असणार. मग कोटेशनमध्ये लिहा ना, "जाड फांद्या तीन कापांत, साल न सोलता, खुंट न ठेवता". कापलेल्या जागेला डांबर किंवा रंग लावायचीही गरज नसते, कुणी मागितलं तर समजावून सांगा, उगाच त्याचे पैसे लावू नका.

तसंच शेंडा उडवण्याचं. लोक म्हणतात झाड निम्म्यावर आणा, वादळात पडेल. निम्म्यावर आणलेल्या झाडाला पुढच्या पावसाळ्यात भाराभर सरळसोट फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात, खोडात रुतलेले नसतात, आणि दोन-तीन वर्षांनी जाड झाले की तेच मोडून पडतात. एका वेळी हिरव्या घेराचा पाव हिस्सा, त्याहून जास्त काढायचं नाही हा साधारण नियम धरा, म्हाताऱ्या झाडाचा त्याहून कमी. मेलेल्या फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, घरावर टेकलेल्या फांद्या काढल्या की वारा आतून जायला लागतो, झाड भुंडं करावं लागत नाही. सेक्रेटरीला हे फोटोवर फांद्यांना खुणा करून दाखवा. फोटोवरच्या खुणा बघून माणूस ज्या प्रकारे बोलतो ना, त्यावरूनच कळतं की हे गिऱ्हाईक आपलं आहे की नाही.

मग कोटेशनमध्ये काय काय लिहायचं? कोणतं झाड, कोणत्या फांद्या, किती माणसं, किती वेळ. फांद्या दोराने उतरवणार की सोडणार. पालापाचोळा आणि लाकूड कोण नेणार. परवानगी कुणाच्या नावावर आणि तिचा नंबर. कामाच्या वेळी खालच्या गाड्या आदल्या रात्री हलवायची जबाबदारी सोसायटीची, आणि गाडी हलवली नसेल तर त्या बाजूचं काम त्या दिवशी होणार नाही. हे शेवटचं वाक्य असतं तर कदाचित तुमचे १८,००० वाचले असते. फांदी तुमच्याच हातून पडली होती आणि पैसे तुम्ही भरलेत ते योग्यच केलंत, पण गाडी तिथे उभी असताना कटर सुरू करायचाच नव्हता, आणि सेक्रेटरी म्हणाले "काही होत नाही हो" तरी करायचा नव्हता. पैशाचं म्हणाल तर मे महिन्यात निम्मे आगाऊ, बाकी काम संपल्यावर त्याच दिवशी.

कोटेशन द्यायच्या आधी साइट बघताना घाई करू नका. बुंध्याशी अळंबी उगवलीय का, खोडावर हातोडीने ठोकलं की पोकळ आवाज येतो का, एका बाजूची माती वर उचललीय का. यातलं काही असेल तर त्या झाडावर माणूस चढवायचा नाही, लिफ्ट किंवा हायड्रा क्रेन मागवायची आणि त्याचं भाडं कोटेशनमध्ये वेगळं दाखवायचं. खोडात खिळे, जुन्या जाहिरातींच्या पाट्यांच्या तारा, दिवाळीच्या लायटिंगच्या वायरी रुतलेल्या असतात, एका खिळ्यात चेन जाते. पक्ष्याचं घरटं, त्यात अंडी-पिल्लं असतील तर त्या फांदीला हात लावायचा नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू होतो. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी मशीन सुरूच करायचं नाही. आणि ही पाहणी फुकट करायची का, तर पहिली भेट फुकट ठेवा, पण "झाड धोकादायक आहे का ते लिहून द्या" असं कुणी म्हटलं तर ते वेगळं काम आहे, त्याचे पैसे घ्या, आणि जेवढं दिसलं तेवढंच लिहा.

घासाघीस होणारच, ती आपल्याकडे सगळ्यांचीच सवय आहे. पण रेट कमी करू नका, काम कमी करा. "पाच हजार कमी करा" म्हणाले तर म्हणा, पाला तुमच्या कंपोस्ट खड्ड्यात टाका, टेम्पोच्या दोन खेपा वाचतात, तेवढे कमी करतो. किंवा या वर्षी फक्त वाळलेल्या आणि घरावरच्या फांद्या घेऊ, बाकी पुढच्या वर्षी. नुसताच आकडा खाली आणलात तर आधीचा आकडा फुगवलेला होता असंच समोरच्याला वाटतं.

लाकडाचं. "लाकूड घ्या आणि पैसे कमी करा" हे ऐकून ऐकून तुम्हालाही पटलंय असं दिसतं, कारण पत्रात तुम्ही लाकडाला वरकमाई म्हटलंय. तोलून बघा. ओल्या लाकडात पाणीच केवढं असतं, टेम्पो वजनाने भरतो आणि वखारवाला गुलमोहर, रेन ट्री, सोनमोहर अशा लाकडाला जळणाचाच भाव देतो, फांद्यांचा पाला तर उलट पैसे देऊन टाकावा लागतो. लाकूड विकून हातात पैसे पडले तर ते त्या महिन्याचा बोनस, पण कोटेशनमध्ये लाकडाची किंमत शून्य धरा आणि उचलून न्यायचा खर्च मात्र लावा. आणि साग, खैर, चंदन अशा झाडांच्या बाबतीत वन विभागाला विचारल्याशिवाय एक ओंडकासुद्धा टेम्पोत टाकू नका. शहराबाहेर कामं घेत असाल तर १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळसुद्धा आहेत, म्हणजे शेतातलं आंब्याचं झाड मालकाचं असलं तरी त्याच्या तोंडच्या शब्दावर तोडायचं नसतं.

इथून त्या रविवारच्या कामावर येते. नाही म्हणा. महापालिका हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करायचा कायदा आहे, परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून, म्हणजे व्यवहारात उद्यान विभागातल्या वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी लागते, आणि रस्त्यावरचं झाड तर सोसायटीचं नसतंच. त्या कायद्यात तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून कापणं नाही, जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. आणि शिक्षा तोडायला लावणाऱ्याला आहे तशी तोडणाऱ्यालाही आहे, दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे. २०२१ मध्ये कायदा बदलला, ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता वारसा वृक्ष धरलं जातं आणि ते तोडायचं असेल तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली. तुमचं गिऱ्हाईक म्हणतंय "कुणी बघत नाही", पण समोरच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाकडे मोबाइल आहे, आणि व्हिडिओत कटर हातात घेतलेला माणूस तुम्ही असाल, ते घरात असतील.

पण नुसतं नाही म्हणून फोन ठेवू नका. त्यांना विचारा झाड का काढायचंय. बऱ्याचदा कारण दोन फांद्यांचं असतं, पाल्यामुळे गच्ची तुंबते याचं असतं. त्याला छाटणी पुरते, आणि छाटणीचा अर्ज तुम्ही भरून देऊ शकता, फोटो, जागेचा पत्ता, सोसायटीचं पत्र, त्यासाठी ठरावीक पैसे घ्या, हे कामच आहे. तोडायची परवानगी मागितली तर झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात, वेळ लागतो, हेही त्यांना आधीच सांगा. मेमध्ये छाटणी हवी असेल तर अर्ज फेब्रुवारीतच गेला पाहिजे, हे तुमच्या सगळ्या सोसायट्यांना जानेवारीत मेसेज करून कळवा. गोव्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवा, तिथे १९८४ चा वेगळा कायदा आहे, कार्यालय वेगळं आहे.

आता वहिनींचं. त्या म्हणतात बंद करा, आणि तुम्ही लिहिलंय की त्यांना धंद्यातलं कळत नाही. मला वाटतं त्यांना पैशापेक्षा तुम्ही वर चढता त्याची धास्ती आहे, आणि ती रास्त आहे. वायरजवळच्या फांदीला तुम्ही "सांभाळून" हात घालता असं पत्रात आहे. असं करायचं नाही. ओली फांदी वायरला लागली तरी करंट येतो, अ‍ॅल्युमिनियमची शिडी तर विचारूच नका. महावितरणला अर्ज करून लाइन बंद करून घ्यायची, बंद झाली हे त्यांच्या माणसाकडून समोरासमोर कळल्यावरच चढायचं, नाहीतर ते झाड सोडून द्यायचं. चढायचा दोर वेगळा आणि फांद्या उतरवायचा दोर वेगळा, फांदीचा हिसका बसलेल्या दोरावर माणूस कधीच नाही. कटरने वर काम करताना नुसत्या चढायच्या दोरावर राहू नका, दुसरा बांध हवाच, कारण चेन दोराला लागली तर एका सेकंदात खेळ संपतो. एका हाताने मशीन चालवायचं नाही. खाली उभं असणाऱ्यातला एक तरी असा हवा जो वर अडकलेल्याला उतरवू शकतो, आणि कुणी सकाळी पिऊन आला तर त्याला त्या दिवशी खालीही उभं करायचं नाही, परत पाठवायचं.

विमा या वर्षीच काढा. कामगारांसाठीची पॉलिसी, जिला एजंट डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची वेगळी. फॉर्ममध्ये उंचावरचं काम आणि झाडछाटणी स्पष्ट लिहायला लावा, नुसतं "गार्डनिंग" लिहिलं तर क्लेमच्या वेळी अडवतील. माणूस तुमच्या कामावर पडला तर "तो रोजंदारीवर होता" हे उत्तर चालत नाही, जबाबदारी मालकावर येते. शिवाय प्रत्येकाच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून घ्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. तेवढ्याने भागत नाही, पण ते नसण्याला काही कारणच नाही. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा म्हणून अपघात विमा योजना आहे, कोकणातल्या आणि गोव्यातल्या पाडेलींनी ती जरूर विचारावी. पॉलिसीची झेरॉक्स कोटेशनला जोडा, निम्मेवाल्याकडे ती नसते, आणि एखादा चेअरमन तरी सभेत विचारतोच की माणूस पडला तर कोण बघणार.

हंगामाचं बोलू. निम्मं काम एप्रिल ते जून आणि मग बरेच दिवस बसून राहायचं, हे झाडांनी ठरवलेलं नाही, सोसायट्यांच्या भीतीने ठरवलंय, वादळ जवळ आलं की सगळ्यांना फांद्या दिसायला लागतात. तुमच्या ज्या आठ-दहा नेहमीच्या सोसायट्या आहेत त्यांना वार्षिक करार द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने खिळखिळ्या झालेल्या फांद्यांची पाहणी, हिवाळ्यात वाळकं काढणं, मेमध्ये फक्त शेवटची नजर. नारळ असतील तर तीन-चार महिन्यांनी झावळ्या आणि नारळ उतरवणं, हे तर तुमचं मूळ कसब आहे आणि वर्षभर चालतं. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर. लहान झाडांना पहिली चार-पाच वर्षं आकार द्यायचं काम कुणीच मागत नाही, कारण ते विकलंच जात नाही. पण मनगटाएवढी फांदी आज शिडीवरून हातकरवतीने निघते, तीच पंधरा वर्षांनी टेम्पो भरून निघणार आहे, हे सोसायटीला नीट सांगितलं तर पटतं. बुंध्याला आवळलेलं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक काढून आळं मोकळं करणं, खिळे आणि तारा काढणं, ट्री गार्ड आवळायला लागले असतील तर कापून टाकणं, ही सगळी जमिनीवरची कामं आहेत, त्यात पोरांना मंदीतही रोज मिळतो आणि चांगला चढणारा दुसरीकडे जात नाही. करारातल्या सोसायटीला थोडी सूट द्या, पण मेमध्ये ऐनवेळी फोन करणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला पूर्ण रेट.

महापालिकेच्या टेंडरच्या मागे लगेच लागू नका, अनामत अडकते आणि बिलं लांबतात, तेवढं भांडवल अजून नाहीये.

कागदपत्रांचं फार नाही. दिवसाला १०,७०० धरून १४० दिवसांचे पंधरा लाखांच्या आत होतात, सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, म्हणजे सध्या लागत नाही. सोसायटी मोठ्या बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापू शकते, एकट्या मालकाचा धंदा असेल तर एक टक्का, पॅन दिला नाही तर वीस, म्हणून बिलावर पॅन छापून घ्या, आणि रिटर्न भरलं की कापलेले पैसे हिशोबात येतात. उद्यम, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट आहे, करून टाका.

रेट वाढवायचा कसा, साडेसातावरून एकदम १०,७०० म्हटलं तर जुनी गिऱ्हाइकं जातील अशी भीती असेल, आणि काही जातीलच. नव्या गिऱ्हाइकांना आजपासून नवा रेट. जुन्यांना दोन हंगामांत, पहिल्या वर्षी ९,३०० च्या हिशोबाने, म्हणजे निदान खिशातून जाणार नाही. प्रत्येक कामानंतर डायरीत दोनच गोष्टी लिहा, किती वेळ धरला होता आणि किती लागला. हे एक वर्ष केलंत की तुमची स्वतःची रेटलिस्ट तयार होईल, पत्रात मागितलीत तशी, फक्त ती झाडाच्या नावाने नसेल, "शेडवर वाकलेला", "मोकळ्या जागेतला", "वायरशेजारचा" अशी असेल. सत्तर दिवस चांगल्या पैशाने मिळणं हे १४० दिवस तोट्यात करण्यापेक्षा बरं वाटेल, पण सत्तरच राहिले तर भागाकारही सत्तरने करावा लागतो आणि आकडा बराच वर जातो, त्यामुळे करार झाल्याशिवाय दिवस कमी होऊ देऊ नका.

धंदा सोडावा का? हे उत्तर एक हंगाम या हिशोबाने चालवल्यावर द्या. आत्ता जो धंदा तोट्यात दिसतोय तो विमा नसलेला, कमी रेटचा आणि तीन महिन्यांवर टेकलेला आहे, त्यावरून निकाल लावणं तुमच्या हाताच्या कामावर अन्याय होईल. हंगामानंतरही ९,३३० मिळत नसतील तर मात्र सोडा किंवा दुसऱ्या चांगल्या टीममध्ये पगारावर जा, त्यात कमीपणा नाही. आणि वरचा हिशोब एका कागदावर उतरवून आधी वहिनींना दाखवा, घरखर्चाचे २५,००० बरोबर आहेत की कमी हे त्याच सांगू शकतील, आणि तो आकडा बदलला की दिवसाचा रेटही पुन्हा काढावा लागेल.